घरच्या धंद्यात नव्याने बसताय? माणसं सांभाळायची सुरुवात अशी करा

नौपाड्यातलं कापडाचं दुकान, वागळे इस्टेटमधला चार लेथचा गाळा, वाशीच्या मसाला मार्केटमधली पेढी, रबाळ्याच्या एमआयडीसीतलं पॅकिंगचं युनिट. धंदा कुठलाही असो, शिक्षण संपवून किंवा नोकरी सोडून घरच्या धंद्यात उतरलेली मुलं-मुली, सुना-जावई पहिल्या काही महिन्यांतच म्हणायला लागतात, ‘माणसं ऐकत नाहीत.’ ठाणे-नवी मुंबईतल्या छोट्या धंद्यांची पगारपत्रकं आणि पीएफची कामं मी करते. ही तक्रार आली की मी उलट विचारते, तुमच्याकडे हुकूम सोडणारे किती? वडील, काका, आई, मोठा भाऊ आणि आता तुम्ही. कामाला माणसं सात, मालक पाच. अशा जागी कोणाचं ऐकायचं हे ठरवण्यातच माणसांचा अर्धा दिवस जातो.

पुढे कायदा आहे, पगार आहे, रजा आहेत. पण यातलं काहीही नीट लावायचं तर आधी घरातल्यांनाच ओळीत आणावं लागतं, आणि मला विचाराल तर निम्मं काम तेच आहे.

पहिला महिना: बदलू काही नका, लिहून काढा

नव्या दमाची मंडळी आली की पहिल्याच आठवड्यात अंगठ्याचं हजेरी मशीन लावतात. दुसऱ्या आठवड्यात गल्ल्यावर कॅमेरा. त्याने माणसं एवढंच शिकतात की छोट्या शेठचा आपल्यावर विश्वास नाही. मशीन लावाच, पण सहा महिन्यांनी. आधी एक जाड वही घ्या आणि प्रत्येक माणसाला एक पान द्या.

पानावर साधी माहिती लिहा: नाव, कामावर कधी लागला, आज पगार किती, पगार शेवटचा कधी वाढला, उचल किती बाकी आहे, हजेरीपटावर नाव आहे की ‘कच्च्यात’ आहे. त्याखाली त्याच्या हातात काय काय आहे ते: कोणत्या कपाटाची किल्ली, कोणती पार्टी थेट त्याच्याच मोबाइलवर ऑर्डर देते, कोणत्या मशीनचं सेटिंग त्याच्याशिवाय कोणाला जमत नाही. ही दुसरी यादी नीट वाचा. उद्या कोण न सांगता गावी गेला तर धंदा अडेल, हे त्यातून कळतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तोंडी शब्द. घरच्या धंद्यात पगार कधीच एका आकड्यात नसतो. आजोबांनी कटरला सांगून ठेवलेलं असतं, ‘तुझ्या पोरीच्या लग्नाचं बघतो मी.’ हेल्पर पोटमाळ्यावर राहतो आणि त्याचं लाइट बिल दुकान भरतं. शिपायाच्या मुलाची जूनमधली फी आई गुपचूप देते. ड्रायव्हरच्या हातात वडील दर रविवारी काहीतरी ठेवतात. तुमच्या लेखी हे सगळं ‘वरचं’ असतं, पण त्यांच्या घराचा हिशोब यावरच बसलेला असतो. शिस्त आणण्याच्या नावाखाली तुम्ही यातलं काही बंद केलंत, तर त्यांच्या दृष्टीने तुम्ही पगार कापलात.

ही माहिती वडिलांना एकट्याला गाठून विचारा. मग आईला वेगळं विचारा, कारण बऱ्याच घरांत खरी यादी आईकडेच असते. शेवटी त्या माणसाशी बोला, तेही सगळ्यांसमोर नको, चहाला बाहेर नेऊन. प्रत्येक शब्दापुढे तो कोणी दिला ते लिहा. पाळायचे कोणते, पगारात मिळवून टाकायचे कोणते आणि बोलून संपवायचे कोणते, हे नंतर घरात ठरेल.

घरची बैठक: दुकान बंद, फोन बंद

महिना झाला की घरच्यांना एकत्र बसवा. जेवणाच्या टेबलावर, दुकानात नव्हे. दुकानातल्या भिंतींनाच काय, काउंटरलाही कान असतात.

विषय मोजकेच ठेवा. रजा कोण देणार? उचल कोण देणार? चूक झाली तर बोलणार कोण? नवीन माणूस कोण घेणार? खरेदी आणि भाव कोण ठरवणार? प्रत्येक विषयासमोर एकच नाव. दोघं मिळून बघू, असं ठरलं की काहीच ठरलं नाही असं समजा.

वडिलांच्या हातातलं सगळं एकदम काढून घेऊ नका. त्यांना ज्यात रस आहे, उदाहरणार्थ जुन्या पार्ट्या, खरेदी, दिवाळीचा बोनस स्वतःच्या हाताने देणं, ते त्यांच्याकडेच राहू द्या. रोजची कटकट तुम्ही घ्या: हजेरी, रजा, पगारपत्रक. हे मागितलं तर सहसा कोणी नाही म्हणत नाही.

ठरलं की परीक्षा आठवड्याच्या आतच येते. तुम्ही नाकारलेली सुट्टी माणूस काकांकडे जाऊन मागतो. काकांनी एवढंच म्हणायचं, ‘रजेचं तिलाच विचार.’ काका चुकले आणि त्यांनी सुट्टी देऊन टाकली, तर ती त्या माणसासमोर रद्द करू नका. सुट्टी जाऊ द्या आणि रात्री घरी काकांशी बोला. कामगारांसमोर घरातले दोघं एकमेकांचा शब्द मोडताना एकदा दिसले की पुढचं वर्षभर त्याचा वापर होतो. यात त्यांचं चूक काही नाही. त्यांच्या जागी तुम्हीही दोन शेठपैकी मऊ असेल त्याच्याकडेच गेला असतात.

सुनेच्या किंवा मुलीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लागते. माणसं वहिनी म्हणतात, ताई म्हणतात, मान देतात. पण वहिनींनी सांगितलेलं काम विनंती धरली जाते आणि शेठने सांगितलेलं हुकूम. सासऱ्यांनी किंवा वडिलांनी सगळ्यांसमोर एकदा स्पष्ट सांगायला हवं: आजपासून पगार आणि रजा वहिनी बघतील, माझ्याकडे यायचं नाही. हे एक वाक्य मिळत नसेल तर जबाबदारी घेऊच नका.

याच बैठकीत घरकामाचा विषय काढा. बाराला डिलिव्हरीचा मुलगा घोडबंदर रोडच्या शाळेतून नातवाला आणायला जातो, वाटेत आत्याची औषधं घेतो, दोनला परत येतो. तुम्ही इकडे डिलिव्हरी उशिरा का होते म्हणून त्याच्यावर चिडता. खरं तर तो दिवसाचे दोन तास घरचा नोकर आहे, फक्त पगार दुकान देतं. एक तर त्या कामाला घरखर्चातून वेगळा माणूस ठेवा, नाहीतर त्याचे ते दोन तास कामात धरा. अधूनमधून ‘जरा घरी जाऊन ये’ म्हणायची सवय मात्र मोडा. घरच्यांना ही मोडताना फार जड जातं, हेही सांगून ठेवते.

घरच्यांचा पगार

बाराला येऊन पाचला जाणारा चुलत भाऊ सगळ्या दुकानाला दिसतो. सकाळी नऊला बदलापूरहून लोकलला लटकून आलेल्या माणसाला तुम्ही दहा मिनिटांच्या उशिराबद्दल बोललात की त्याची नजर त्या रिकाम्या खुर्चीकडे जाते. चुलत भावाला काम असेल तर ते लिहा, वेळ लिहा आणि त्या कामाचा बाहेर जो पगार मिळतो तेवढा बँकेतून द्या. काम नसेल आणि फक्त हिस्सा असेल तर नफ्यातला हिस्सा द्या, खुर्ची देऊ नका.

याला कराची बाजूही आहे. नातेवाइकाला त्या कामाच्या बाजारभावापेक्षा अवास्तव जास्त पगार दिला, तर आयकर अधिकारी जादा रक्कम खर्च म्हणून नाकारू शकतो. भागीदारीत धंदा असेल तर भागीदारांचा मोबदला भागीदारी करारात लिहिलेला असावा लागतो. पीएफ लागू होतो का, हे ठरवायला माणसं मोजतात तेव्हा पगार घेणारा पुतण्या त्यात धरला जातो, भागीदार धरला जात नाही.

सुट्टीत दुकानात येऊन बसणाऱ्या घरच्या पोरांचं काय? शाळा सांभाळून, धोकादायक नसलेल्या कामात घरच्या धंद्याला हातभार लावायला कायदा आडवा येत नाही. पण ही सवलत फक्त तुमच्या मुलांना आहे. कामगाराचा चौदा वर्षांखालचा मुलगा ‘बसलाय नुसता’ म्हणून पॅकिंगला लावलात तर तो गुन्हा आहे.

आता डोकी मोजा

घरचं ठरलं की कायद्याकडे वळा. छोट्या धंद्याला दोन आकडे पाठ हवेत, १० आणि २०.

दहा माणसं झाली की ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, येतं. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना ते लागू आहे. माणसाच्या पगारातून ०.७५ टक्के, मालकाकडून ३.२५ टक्के. म्हणजे १६,००० पगारावर त्याचे १२० आणि तुमचे ५२०. एवढ्यात त्याच्या घरच्यांचं औषधपाणी होतं. शिवाय कामावर बोट गेलं, पाय मोडला तर भरपाईचं ओझं तुमच्या एकट्याच्या डोक्यावर येत नाही. वागळेचं कामगार हॉस्पिटल याच योजनेतलं. ज्याचं नाव ‘कच्च्यात’ आहे त्याला यातलं काहीच मिळत नाही आणि अपघात झालाच तर भरपाई मालकाच्या खिशातून जाते. प्रेस मशीन, कटर, लिफ्ट यांपैकी काहीही तुमच्या गाळ्यात असेल तर हे आधी निस्तरा, बाकीचं मागाहून.

ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी संपताना मिळणारी एकरकमी रक्कम, तीही दहावरच सुरू होते आणि लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समितीही. दोन्हींबद्दल पुढे येतंच.

वीस झाले की पीएफ. मूळ पगार अधिक महागाई भत्त्याच्या १२ टक्के त्याचे, १२ टक्के तुमचे. पगाराची मर्यादा १५,००० रुपये, म्हणजे तेवढ्यावर दोघांचे १,८०० प्रत्येकी. पीएफ आणि ईएसआय दोन्ही पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचे. एकदा पीएफ लागू झाला की माणसं वीसच्या खाली आली तरी तो सुटत नाही. म्हणून काही मालक एकोणिसावर थांबतात आणि विसावा माणूस भावाच्या नावच्या दुसऱ्या फर्मवर दाखवतात. एकच गाळा, एकच शटर, एकच हिशोबनीस असेल तर तपासणीत दोन्ही फर्म एकच धरल्या जाण्याची पाळी येते. या वाटेला जाऊ नका. ठाण्याचं पीएफ कार्यालय वागळे इस्टेटमध्येच आहे, तिथल्या लोकांनी हे सगळे प्रकार पाहिलेले आहेत.

व्यवसाय कर मात्र डोक्यांवर नाही, पगारावर आहे. पुरुषांना महिना १०,००० च्या वर २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००, वर्षाला एकूण २,५००. स्त्रियांना २५,००० पर्यंत काही नाही.

दुकानं आणि ऑफिसांसाठी राज्याचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा आहे. त्यात मुळात दहा किंवा जास्त माणसं असतील तर नोंदणी आणि त्याखाली नुसती ऑनलाइन सूचना, दिवसाला ९ तास आणि आठवड्याला ४८ तास असं होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दहाचे वीस आणि नऊ तासांचे दहा करायला मंजुरी दिली. केंद्राच्या चार कामगार संहिताही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आणि २९ जुने कायदे त्यांत गेले. थोडक्यात, वडिलांच्या कपाटातली जुनी फाइल बघून चालू नका. सल्लागाराकडून आज लागू असलेले आकडे एका कागदावर लिहून घ्या. किमान वेतनाचंही तसंच. विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत, वर्षातून दोनदा बदलतो. गेल्या वर्षी बरोबर असलेला पगार या वर्षी किमान वेतनाखाली गेलेला असू शकतो.

वाशीच्या बाजार समितीत पेढी असेल तर मोजणी जरा वेगळी. पोती उचलणारे हमाल तुमचे नोकर नसतात. १९६९ च्या माथाडी कायद्याखाली त्यांची नोंद माथाडी मंडळाकडे असते, मजुरी आणि तिच्यावर टक्क्याने लागणारी लेव्ही मंडळात भरायची असते. अण्णासाहेब पाटलांनी उभ्या केलेल्या चळवळीतून ही व्यवस्था आली आणि त्या बाजारात तिला मान आहे. काही म्हणणं असेल तर टोळीच्या मुकादमाशी बोला, एकेका हमालावर ओरडायला जाऊ नका.

कागद, पगार, उचल

नियुक्तिपत्र आता प्रत्येक कामगाराला द्यायचं आहे. वीस वर्षं जुन्या माणसासमोर कागद ठेवला की तो घाबरतो, त्याला वाटतं काढायची तयारी चाललीय. म्हणून कागदावर कामावर लागल्याची मूळ तारीख घाला आणि ती त्याला वाचून दाखवा. जुनी नोकरी धरली आहे हे दिसलं की सही मिळते. कागद मराठीत करा. ज्याला मराठी वाचता येत नाही त्याला हिंदीत.

पगार सात तारखेच्या आत, बँकेत. रोखीने द्यायची सवय वडिलांची असते आणि काही माणसांनाही रोख हवी असते, कारण बँकेतला पगार घरी कळतो. तरी बँकच धरा. पगाराची स्लिप व्हॉट्सॲपवर गेली तरी चालेल, पण जायला हवी. दर महिन्याला ‘माझे दोन खाडे कसे?’ हा वाद त्याने निम्मा होतो. स्लिप करताना भत्ते फुगवून मूळ पगार बारीक ठेवायची जुनी युक्ती आता फारशी चालत नाही. एकूण पगाराच्या अर्ध्याहून जास्त भत्ते दाखवले तर वरचा भाग वेतनातच धरला जातो.

ओटी, म्हणजे जादा तासांचं काम, असेल तर दुप्पट दराने. ‘आपलाच माणूस आहे, थांबेल’ असं म्हणून फुकट थांबवणं घरच्या धंद्यात फार चालतं. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस माणसं आपण होऊन थांबतात, ते वेगळं. मार्चमध्ये रोज नऊपर्यंत थांबवून घेणं वेगळं.

उचल हा खरा गुंता. ती माणसाला धंद्याशी बांधते आणि धंद्यालाही माणसाशी, म्हणून जुने शेठ ती सहज देत. पण तीन मालकांनी तीन वेळा दिलेली उचल कोणाच्याच वहीत पूर्ण नसते. पहिल्या महिन्यात सगळ्यांची बाकी काढा, त्या-त्या माणसासमोर आकडा वाचा, सही घ्या. आकड्यावर वाद झाला आणि तुमच्याकडे कागद नसेल, तर त्याचा आकडा धरा. चार-पाच हजारांनी धंदा बुडत नाही, आणि पहिल्याच हिशोबात तुम्ही लबाड ठरलात तर पुढचं सगळं अवघड होतं. त्यानंतरची उचल एकाच हातून, हप्ता आधी ठरवून, आणि हप्ता इतका की घरी न्यायला पगार उरेल. कायद्यानेही सगळ्या कपाती मिळून निम्म्या पगाराच्या वर जाता येत नाही. आजारपण आणि शाळेची फी यांना नाही म्हणू नका. गावच्या घराच्या बांधकामाला मात्र मर्यादा ठरवा, कारण ते बांधकाम कधीच संपत नाही.

रजा

ठाण्यात माणसं सांभाळायची म्हणजे कॅलेंडर हातात धरूनच. कोकणातली माणसं गणपतीला जाणार, तुम्ही हो म्हणा की नाही. शिमग्यालाही त्यांतली निम्मी. उत्तरेकडची माणसं छटपूजेला आणि मे महिन्यातल्या लग्नांना, आणि त्यांची रजा चार दिवसांची नसते, महिन्याची असते. आगरी-कोळी गावांतली स्थानिक मुलं लांब जात नाहीत, पण जत्रा आणि हळदी असतात. हे टाळता येत नाही, तेव्हा आधी मांडून ठेवा. जानेवारीत एक मोठा कागद भिंतीवर लावा आणि प्रत्येकाला आपली मोठी रजा त्यावर स्वतः लिहायला सांगा. दोन कोकणातले आणि एक बिहारचा अशी जोडी केलीत तर गणपतीत आणि छटेत गाळा चालू राहतो. एकाच गावचे पाचही जण घेतलेत तर गणपतीत शटर पाडावं लागेल.

किती रजा द्यायच्या, याला २०१७ च्या कायद्याचं माप चांगलं आहे. तुम्हाला तो पूर्ण लागू नसला तरी तेच घ्या: वर्षाला ८ नैमित्तिक रजा, २४० दिवस भरले की दर २० दिवसांच्या कामामागे एक भरपगारी रजा, ती ४५ पर्यंत साठते. आणि ८ पगारी सणाच्या सुट्ट्या: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर ठरलेल्या, उरलेल्या चार वर्ष सुरू होण्याआधी माणसांशी बोलून ठरवायच्या. या चारांवर खरंच चर्चा करा. मालकाच्या घरचा सण आणि कामगाराच्या घरचा सण एकच असतो, असं नाही.

रविवारच्या मेगाब्लॉकचा उशीर उशीर धरू नका. ब्लॉकचं वेळापत्रक आधी जाहीर होतं, त्या दिवशी जवळ राहणाऱ्यांना सकाळी आणि कर्जत-कसाऱ्याकडच्यांना उशिरा बोलवा. ट्रान्सहार्बरने रबाळे-घणसोलीला येणाऱ्यांनाही हेच.

तुम्हाला कडेवर खेळवलेली माणसं

ज्याने तुम्हाला लहानपणी दुकानात फिरवलं, त्याला आता उशिराबद्दल कसं बोलायचं? काका म्हणत होतात तर काकाच म्हणा. पद मिळालं म्हणून नावाने हाक मारायला लागलात तर अख्खा गाळा तुमच्या विरोधात जाईल. तो तुम्हाला ‘बाळा’ म्हणत असेल तर ते मात्र एकट्यात सांगून थांबवा: ‘काका, पार्टीसमोर ताई म्हणा.’ बहुतेक जण हसून ऐकतात.

चूक दाखवायची तर काम बंद झाल्यावर, दोघांतच, आणि एका वेळी एकच. ‘बाबांना सांगेन’ हे वाक्य कधीही तोंडातून जाऊ देऊ नका. ते म्हटलं की अधिकार तुमच्याकडे नाही हे तुम्हीच कबूल केलंत. आणि तो बाबांकडे गेलाच, तर बैठकीत ठरलेलं बाबांनी पाळायचं.

या माणसांचं कसब वहीत नसतं. त्याच्या हाताखाली एक तरुण मुलगा द्या आणि शिकवण्याबद्दल त्याला महिना काही रक्कम वेगळी द्या. फुकट शिकव म्हटलं तर तो शिकवणार नाही, आणि का शिकवावं? आपलीच खुर्ची हलते ना.

बोनसचंही इथेच सांगते. वीस किंवा जास्त माणसं असतील तर महिना २१,००० पर्यंत पगार असलेल्यांना किमान ८.३३ टक्के बोनस द्यायचा असतो आणि मार्चअखेरचं वर्ष धरलं तर तो ३० नोव्हेंबरच्या आत. त्याखालच्या दुकानांतही दिवाळीला एक पगार द्यायची रीत आहेच. कोणाला किती हे दसऱ्याआधी घरात ठरवा आणि यादीवर सगळ्यांनी सही करा. पाकिटं बंद असली तरी आकडे संध्याकाळच्या चहाला टपरीवर उघडतात, म्हणून ज्याला जास्त दिलं त्याचं कारण सांगता आलं पाहिजे.

नवीन माणूस घेताना

जुन्या माणसाचा पुतण्या, मामेभाऊ, गाववाला लगेच मिळतो आणि बहुधा टिकतोही. पण एकाच घरचे तिघं झाले की एकाला बोललात तर तिघं बसतात. दोनावर थांबा. तुमच्या स्वतःच्या नातेवाइकाला नोकर म्हणून घेताना तर दहा वेळा विचार करा. त्याला काढायची वेळ आली तर निर्णय दुकानात होत नाही, लग्नकार्यात होतो.

ओळखपत्राची प्रत, पत्ता, घरच्यांचा नंबर घ्या. तीन महिने उमेदवारी ठेवा, पण तीही कागदावर आणि पूर्ण पगाराने.

तक्रार घरच्याविरुद्ध असेल तर

यावर घरच्या धंद्यात कोणी बोलत नाही, म्हणून जरा थांबते. दहा किंवा जास्त माणसं असतील तर २०१३ च्या कायद्याने लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी: अध्यक्ष स्त्री, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या स्त्रिया, आणि बाहेरची एक जाणकार व्यक्ती. समिती नसेल तर ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. घरातल्याच तिघी समितीवर घातल्या की कागद पूर्ण झाल्यासारखा दिसतो, पण काकांविरुद्धची तक्रार घेऊन कोणती मुलगी काकूंकडे जाईल?

कायद्याने याचा विचार केलेला आहे. दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात येतात, खारघर-पनवेलला गाळा असेल तर रायगड. तक्रार करायची मुदत साधारण तीन महिन्यांची. ही माहिती मराठीत लिहून पॅन्ट्रीत किंवा हजेरीच्या जागी लावा. घरच्यांना ते आवडणार नाही. तरी लावा.

माणूस जाताना

स्वतःहून जात असो की तुम्ही काढत असा, हिशोब आता दोन कामाच्या दिवसांत द्यायचा आहे. चोरीचा संशय असेल तर पहिल्या रागात ‘उद्यापासून येऊ नको’ म्हणू नका. लेखी विचारा, लेखी उत्तर घ्या, सल्लागाराला दाखवा. ज्याला रागाने काढलं त्याला चार दिवसांनी आईच्या सांगण्यावरून परत घेतलं, असं झालं तर उरलेल्या सगळ्यांना शिस्तीचा अर्थ कळून चुकतो.

पाच वर्षं झालेल्या माणसाची ग्रॅच्युइटी ३० दिवसांत. गणित सोपं आहे: शेवटचं मासिक वेतन गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. १८,००० वेतन आणि २२ वर्षं नोकरी असेल तर साधारण २,२८,४६२ रुपये. एकाच वर्षी दोन जुनी माणसं निवृत्त झाली तर एवढी रोकड छोट्या दुकानातून एकदम निघत नाही. म्हणून पहिल्या महिन्याच्या वहीतून प्रत्येकाची आजची ग्रॅच्युइटी काढून ठेवा आणि दर वर्षी थोडी बाजूला टाका. एलआयसीच्या गट योजना यासाठीच आहेत. मुलीच्या लग्नाला आजोबांनी दिलेला शब्द यात धरू नका, तो वेगळा पाळा.

किल्ल्या, दुकानाचं सिम, पार्टीचे नंबर, मशीनच्या सेटिंगची वही हिशोबाच्या आधी ताब्यात घ्या. आणि पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख त्याच आठवड्यात टाका. तुम्ही टाकली नाहीत तर त्याला स्वतः टाकायला दोन महिने थांबावं लागतं. तोवर त्याचा पैसा अडकतो आणि तो रोज काकांना फोन करतो.